बारीक रेघेचा टाइप: डिस्प्ले सेरिफविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गिरगावातल्या आमच्या स्टुडिओत लग्नपत्रिका, सराफी पेढ्यांच्या पिशव्या आणि डब्या, अत्तराची खोकी, हॉटेलांची मेनूकार्डे आणि अधूनमधून दुकानांच्या पाट्या यांचे काम चालते. येणारा ग्राहक बहुधा मोबाइल पुढे करतो, त्यावर एखाद्या फॅशन मासिकाचे मुखपृष्ठ असते, आणि "असले अक्षर हवे" एवढेच तो सांगतो. त्या 'असल्या' अक्षराविषयी, म्हणजे जाड खांब आणि केसाएवढ्या बारीक रेघा असलेल्या सेरिफ टाइपविषयी, जे प्रश्न आम्हाला पुन्हा पुन्हा विचारले जातात त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. बहुतेक उत्तरे फिरून एकाच ठिकाणी येतात, ते ठिकाण म्हणजे ती बारीक रेघ.

'हाय कॉन्ट्रास्ट सेरिफ' म्हणजे नेमके काय?

येथे कॉन्ट्रास्टचा संबंध रंगाशी नाही. एकाच अक्षरातली सर्वांत जाड रेघ आणि सर्वांत बारीक रेघ यांच्यातला तो फरक आहे. सेरिफ म्हणजे रेघेच्या टोकाला दिलेली छोटी आडवी पट्टी. पुस्तकी मजकुराच्या नेहमीच्या इंग्रजी सेरिफमध्ये हा फरक बेताचा असतो आणि ती पट्टी खांबाला गोलाईने मिळते. या जातीत मात्र जाड रेघ बारीक रेघेच्या कित्येक पट असते आणि पट्टी खांबाला काटकोनात, ब्लेडने कापून चिकटवल्यासारखी बसते.

भिंगाखाली एखादे मोठे कॅपिटल 'एन' धरून पाहावे. त्याच्या दोन्ही उभ्या रेघा बारीक असतात आणि सगळा भार मधल्या तिरप्या रेघेवर असतो. 'ओ'ची जाडी बरोबर डाव्या-उजव्या कुशीत येते, तर माथ्यावर आणि तळाशी तो जवळजवळ तुटेल इतका बारीक होतो. स्मॉल 'सी' किंवा 'आर'च्या टोकाला बोरासारखा गोल थेंब लटकलेला असतो. टाइपच्या वर्गीकरणात या जातीला 'डिडोन' म्हणतात. दिदो आणि बोदोनी ही दोन आडनावे जोडून ते नाव केलेले आहे.

हे वळण आले कुठून?

अठराव्या शतकातल्या युरोपातून. पण ते केवळ कुणाच्या आवडीतून आलेले नाही. त्यामागे कागद आहे. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा जॉन बास्करव्हिल याने १७५७ साली व्हर्जिलच्या काव्याची आवृत्ती काढली, तेव्हा तिच्यासाठी जाळीच्या रेघा न उमटणारा, गुळगुळीत विणीचा कागद वापरला, आणि छापलेली पाने तापलेल्या तांब्याच्या पत्र्यांमध्ये दाबून आणखी तुकतुकीत केली. खरखरीत, ओल्या कागदात दाबलेला खिळा, म्हणजे छपाईचे धातूचे अक्षर, शाई चहूकडे पसरवतो, त्यामुळे तेथे बारीक रेघ कोरणे म्हणजे फुकटची मेहनत होती. गुळगुळीत कागदावर ती मेहनत दिसू लागली. त्याच काळात तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या नक्षीदार लिखाणाची लोकांना सवय झालेली होती, आणि त्या लिखाणातला नाजूकपणा खिळ्यांतही यावा असे मुद्रकांना वाटू लागले.

पॅरिसमध्ये फिर्मां दिदो याने १७८४च्या सुमारास या जातीचे पहिले पूर्ण रूप कोरले. इटलीत पार्माच्या ड्यूकने १७६८ साली आपल्या छापखान्यावर नेमलेला जांबात्तिस्ता बोदोनी याने पुढे तेच वळण टोकाला नेले. बोदोनी १८१३ साली वारला. त्याच्या अक्षरनमुन्यांचा मोठा ग्रंथ त्याच्या पत्नीने १८१८ साली पुरा करून छापला. त्यातली पाने पाहिली की एक गोष्ट चटकन लक्षात येते: अक्षरांइतकाच त्याने मोकळ्या समासावर खर्च केला आहे. आज आमच्याकडे 'बोदोनी लावा' म्हणणारे ग्राहक नेमका हा दुसरा भाग विसरतात आणि पत्रिकेच्या चारही कोपऱ्यांत वेलबुट्टी मागतात.

मग हे अक्षर महागड्या वस्तूंचे कसे झाले?

मासिकांमुळे. 'हार्पर्स बझार' या अमेरिकन मासिकाचे कलादिग्दर्शन १९३४ ते १९५८ या काळात अलेक्सी ब्रोडोविच यांच्याकडे होते, आणि मोठे छायाचित्र, भरपूर कोरी जागा व त्यात बोदोनी-दिदो जातीचे मोजकेच शब्द ही मांडणी त्यांनी रूढ केली. पुढे फॅशनच्या जगात तीच भाषा झाली, आणि ज्या वस्तूंच्या जाहिराती त्या पानांवर येत, त्या वस्तूंच्या खोक्यांवरही तेच अक्षर उतरले. १९९०च्या दशकाच्या आरंभी फाबियां बारों यांनी त्याच मासिकाचे रूप पुन्हा बदलले, तेव्हा त्यांच्यासाठी जोनाथन हॉफ्लर यांनी नवा दिदो घडवला. आज मोबाइलवर आम्हाला दाखवली जाणारी अक्षरे बहुतेक त्याच कुळातली असतात.

याला आणखी एक साधे कारण आहे, ते छापखान्यातल्या माणसाला लगेच पटते. बारीक रेघ नीट उमटवायला चांगला कागद, चांगली शाई आणि सावकाश काम लागते. ती स्वच्छ उमटलेली दिसली की कामावर पैसा खर्च झाला आहे हे वाचणाऱ्याला न सांगता कळते. उलट ती तुटली की सगळा थाट उघडा पडतो.

याच फाँटमध्ये संपूर्ण मजकूर लावता येईल का?

नाही, आणि याचा हिशेब कागदावर मांडून दाखवता येतो. फाँटमध्ये अक्षराची चौकट बहुधा १००० भागांत मोजतात. समजा एखाद्या डिस्प्ले, म्हणजे मोठ्या मथळ्यांसाठी घडवलेल्या, फाँटची बारीक रेघ १५ भागांची आहे. ७२ पॉइंटाच्या मथळ्यात (पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग) ती रेघ १.०८ पॉइंट, म्हणजे सुमारे ०.३८ मिलिमीटर होते, आणि ती ऑफसेटवर निर्धास्त उमटते. तीच रेघ १० पॉइंटाच्या मजकुरात ०.१५ पॉइंट, म्हणजे जेमतेम ०.०५ मिलिमीटर उरते. २४०० डीपीआयच्या, म्हणजे इंचाला २४०० ठिपक्यांच्या, छपाईच्या प्लेटवर तिच्या वाट्याला पाचच ठिपके येतात, त्यातला एखादा ठिपका कमी-जास्त झाला की एका शब्दात रेघ दिसते आणि शेजारच्या शब्दात नाहीशी होते. वाचणाऱ्याला केवळ जाड खांबांची रांग दिसते, कुंपणाच्या गजांसारखी, आणि दोन ओळींतच डोळा थकतो.

धातूच्या खिळ्यांच्या काळात प्रत्येक आकारासाठी वेगळा ठसा कोरला जाई, त्यामुळे लहान आकाराच्या खिळ्यांत बारीक रेघ मुळातच थोडी जाड ठेवलेली असे. संगणकावर एकच आकृती लहान-मोठी केली जाते आणि ही सोय हरवते. ती परत आणण्यासाठी काही फाँट 'ऑप्टिकल साइझ'च्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत मिळतात. हॉफ्लर यांचा दिदो सात आवृत्त्यांत आहे, ६ पॉइंटासाठी वेगळी आणि ९६ पॉइंटासाठी वेगळी. फाँट निवडताना अशा आवृत्त्या आहेत का हे आधी पाहावे. नसतील तर तो फाँट मथळ्यापुरता ठेवावा आणि मजकुराला शांत, मध्यम वळणाचा दुसरा फाँट घ्यावा.

फुकट मिळणाऱ्या फाँटपैकी कोणते चालतील?

इंग्रजीसाठी 'प्लेफेअर डिस्प्ले' आणि 'बोदोनी मोडा' हे दोन्ही मुक्त परवान्याचे आहेत. प्लेफेअर काटेकोरपणे डिडोन नाही. तो बास्करव्हिलच्या काळाच्या अधिक जवळचा आहे आणि म्हणूनच थोडा सोशिक आहे. बोदोनी मोडामध्ये ऑप्टिकल साइझची सोय आहे, त्यामुळे मेनूकार्डासारख्या कामात, जेथे पदार्थाचे नाव मोठे आणि वर्णन लहान असते, तो अधिक उपयोगी पडतो. मात्र या दोहोंत देवनागरी नाही, हे सगळी मांडणी पुरी झाल्यावर कळणारे बरेच जण आम्ही पाहिले आहेत.

देवनागरी आणि इंग्रजी दोन्ही एकाच वळणात हवे असतील तर इंडियन टाइप फाउंड्रीचा २०१४ सालचा 'रोझा वन' पाहावा. त्याच्यात जाड-बारीक फरक फार तीव्र आहे, आणि एकच, चांगलेच भारदस्त वजन, म्हणजे रेघांची जाडी, आहे. दोन-तीन शब्दांच्या मथळ्याला तो शोभतो, पण निमंत्रणाचा परिच्छेद त्यात लावला तर पानावर शाईचे गोळे दिसू लागतात.

देवनागरीत खरोखर 'बोदोनी' करता येतो का?

येतो. पण रोमन अक्षराची नक्कल करून येत नाही, आणि आमच्या मते मराठी डिझायनरने सर्वांत अधिक वेळ याच प्रश्नाला द्यावा.

आपल्या अक्षरातली जाडी बोरूच्या कापातून आली आहे, आणि बोरूचा काप रोमन लेखणीच्या उलट दिशेला कललेला असतो. त्यामुळे रोमन 'ओ'ची जाडी जिकडे झुकते त्याच्या उलट अंगाला 'व'च्या पोटाची जाडी झुकते: वरच्या डाव्या आणि खालच्या उजव्या बाजूला. दुसरी गोष्ट अशी की बोरूने काढलेली आडवी शिरोरेषा आणि उभा काना या दोन्ही रेघा भरीव असतात. 'एन'सारखा अपवाद सोडला तर बोदोनीचा नियम सांगतो की उभे तेवढे जाड आणि आडवे तेवढे बारीक. हा नियम जसाच्या तसा देवनागरीला लावला तर पहिला बळी शिरोरेषेचा जातो. शिरोरेषा ही काही अक्षराची सजावट नव्हे. शब्दाची सगळी अक्षरे एका दोरीवर धरून ठेवणारी ती दांडी आहे. ती केसाएवढी झाली की 'महालक्ष्मी' हा शब्द लांबून पाच-सहा सुट्या खांबांसारखा दिसतो.

मग करायचे काय? आम्हाला पटलेली वाट अशी की शिरोरेषा बारीक ठेवावी, पण बारीकांतली सर्वांत जाड ठेवावी. केसाएवढा बारीकपणा अक्षराच्या आतल्या वळणांना द्यावा, म्हणजे 'क'च्या देठाजवळची कमान, 'श्र'चा तिरपा फाटा, वेलांटीचे टोक यांना. काना जाड राहू द्यावा. गाठी, म्हणजे 'म'ची किंवा 'भ'ची, रोमन थेंबासारख्या पूर्ण गोल करण्याचा मोह होतो. एखाद्या अक्षरात ते खुलते, पण ओळभर तेच आले की मण्यांची माळ होते आणि नजर मजकुरावरून घसरून मण्यांवर जाते.

याबाबतीत धडा घ्यायचा तर फार लांब जायला नको. काळबादेवीच्या कोलभाट गल्लीत जावजी दादाजी यांचे निर्णयसागर होते. तो छापखाना १८६९ साली सुरू झाला. राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या ठशांवरून पाडलेले त्याचे देवनागरी खिळे आजही जुन्या संस्कृत पोथ्यांत पाहायला मिळतात. त्या खिळ्यांत जाड-बारीक फरक स्पष्ट आहे, जोडाक्षरे घट्ट बसलेली आहेत, आणि तरीही बोरूचा कल कोठेही सुटलेला नाही. असे एखादे पान मिळाले तर भिंग लावून 'क्ष' आणि 'ज्ञ' पाहावेत. बारीक रेघ कोठे ठेवावी आणि कोठे ठेवू नये याचे उत्तर त्या दोन अक्षरांत मिळते.

इंग्रजी नावासारखी मराठी अक्षरेही लांब लांब ठेवता येतील का?

नाही. इंग्रजी कॅपिटल अक्षरांमध्ये अंतर वाढवले की ती ऐटदार दिसतात. देवनागरीत तेच केले की शिरोरेषा तुटते, काना आपल्या अक्षरापासून दूर सरकतो, आणि शब्द दात पडलेल्या माणसासारखा दिसू लागतो. इंग्रजी आणि मराठी नावे एकाखाली एक समान रुंदीची हवी असतील तर मराठीचा आकार वाढवावा, किंवा नावाच्या सभोवती जागा सोडावी. काही वेळा आम्ही शिरोरेषा दोन्ही टोकांना किंचित लांबवतो. पण हे नाव चित्रासारखे एकदाच घडवायचे असेल तेव्हा, रोजच्या टायपिंगमध्ये नव्हे.

देवनागरी तिरपी, म्हणजे इटालिक करावी का?

संगणकाने ढकललेली तिरपी देवनागरी या जातीत मुळीच वापरू नये. उभा काना कलला की जाडीचे सगळे गणित बिघडते. इंग्रजी इटालिकच्या जोडीला मराठीत आकार किंवा वजन बदलणे पुरेसे असते.

लग्नपत्रिकेवर सोनेरी फॉइलमध्ये हे अक्षर घेता येईल का?

घेता येईल, पण आधी ब्लॉकचा नमुना मारून पाहावा. हा सल्ला आम्ही आमच्याच चुकीतून शिकलो आहोत. एका पत्रिकेला ग्राहकाने हातकागद निवडला होता, जाड आणि किंचित खडबडीत. आम्ही स्क्रीनवर मांडणी पाहिली, ती देखणी होती, आणि नमुना न काढताच पुढे पाठवली. पत्रिका आल्या तेव्हा माथ्यावरच्या 'श्री'मधली तिरपी रेघ आणि देठ यांच्यामधली फट सोन्याने बुजली होती. खाली 'चि. सौ. कां.' मधला अनुस्वार शिरोरेषेला चिकटला होता, आणि वधूच्या नावातली एक वेलांटी अर्ध्यावरच उडाली होती. छापणाऱ्याचा यात काही दोष नव्हता. इतक्या बारीक रेघेला त्या कागदावर धरायलाच काही नव्हते. पत्रिका पुन्हा छापल्या, खर्च आम्ही सोसला.

फॉइल तापलेल्या ब्लॉकने दाबून चिकटते, आणि तेथे दोन उलट गोष्टी एकाच वेळी घडतात: बारीक रेघ तुटते आणि अरुंद फट भरते. म्हणून फॉइलसाठी मांडणी करताना आम्ही अर्ध्या पॉइंटाखालची एकही रेघ ठेवत नाही, आणि दोन रेघांमधली फटही तेवढीच तरी मोकळी ठेवतो. कागद गुळगुळीत घ्यावा. हातकागदच हवा असेल तर फॉइल फक्त मोठ्या नावांना ठेवावे, आणि मुहूर्त, स्थळ, 'आपले विनम्र' हे सगळे साध्या शाईत, साध्या फाँटमध्ये जाऊ द्यावे.

काळ्या खोक्यावर पांढरी अक्षरे हवी आहेत, काही काळजी घ्यावी का?

हो. छापखान्यात याला 'रिव्हर्स' म्हणतात. येथे शाई अक्षराच्या भोवती असते आणि ती आत सरकते, म्हणजे बारीक रेघ दोन्ही कडांनी खाल्ली जाते. त्यात काळा रंग चार रंग मिसळून केलेला असेल आणि जुळणी केसभर जरी हलली, तरी पांढऱ्या रेघेच्या कडेला निळी किंवा गुलाबी झाक दिसते. शक्य तेथे एकच काळी शाई घ्यावी, किंवा काळ्या कागदावर थेट पांढरे स्क्रीन प्रिंटिंग करावे, आणि दोन्ही वेळा फाँट एक पायरी जाड निवडावा.

पावसाळ्यात छपाई टाळावी का?

टाळता आली तर बरे, पण दिवाळीची कामे जुलै-ऑगस्टमध्येच सुरू होतात. मुंबईच्या हवेत कागद ओलावा शोषतो आणि धाग्याच्या आडव्या दिशेने फुगतो. एका रंगाच्या कामात हे कळतही नाही. चार रंगांत बारीक रेघ असेल तर जुळणी हलते. पेपर एक-दोन दिवस आधी छापखान्यात आणून तेथल्या हवेला सरावू द्यावा आणि बारीक अक्षरे एकाच शाईत ठेवावीत.

दुकानाच्या पाटीवर मराठी नाव याच वळणात कसे बसवावे?

महाराष्ट्रातील दुकाने व आस्थापनांच्या कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार नामफलक मराठीत, देवनागरी लिपीत असावा लागतो. मराठी नाव आधी यावे लागते आणि मराठी अक्षरांचा आकार इतर भाषेतील अक्षरांपेक्षा लहान चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये पाट्या बदलण्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा कुलाब्यापासून वांद्र्यापर्यंत अनेक उंची दुकानांनी इंग्रजी नाव घडवलेले तसेच ठेवले आणि वर मराठी नाव हाती लागेल त्या फाँटमध्ये चढवले. त्यामुळे खाली पातळ, डौलदार बोदोनी आणि वर संगणकातला मूळचा, सरसकट एका जाडीचा देवनागरी फाँट अशी जोडी ठिकठिकाणी दिसते. कायद्याचे पालन झाले, पण पाटीकडे पाहिले की मराठी नाव पाहुण्यासारखे अवघडून उभे राहिलेले वाटते. घर मुळात त्याचे आहे.

मराठी नाव घडवताना शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतची उंची आम्ही इंग्रजी कॅपिटलच्या उंचीएवढी किंवा थोडी अधिक धरतो, आणि वरच्या मात्रा व खालचे उकार यांची जागा वेगळी मोजतो. दोन्ही लिपींतले जाड खांब सारख्या जाडीचे ठेवावेत. जोडी जुळल्याचा भास बहुतेक तेवढ्याने होतो.

अंतराचाही हिशेब करावा. सामान्य नजरेला १० मीटरवरून सुमारे ३ मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ धड दिसत नाही, म्हणजे रस्त्यापलीकडून वाचायच्या पाटीत सर्वांत बारीक रेघ त्याहून बरीच जाड हवी. पितळेच्या पत्र्यातून कापलेली फार बारीक रेघ हाताळताना वाकते, आणि समुद्राच्या खाऱ्या हवेत पितळ लवकर काळवंडते. आतून उजळणाऱ्या अक्षरांत तर बारीक रेघेच्या पोटात एलईडीची पट्टी मावतच नाही. अशा वेळी अक्षराच्या मागून भिंतीवर प्रकाश पाडणे हा अधिक देखणा उपाय ठरतो.

वेबसाइटवर हा फाँट फिकट का दिसतो?

१६ पिक्सेलच्या मजकुरात १५ भागांची रेघ पाव पिक्सेलहूनही कमी भरते. पाव पिक्सेल असे काही नसतेच, म्हणून स्क्रीन तेथे फिकट करडा ठिपका ठेवते. मथळा ४० पिक्सेलच्या वर ठेवावा, मजकुराचा फाँट वेगळा घ्यावा, आणि तपासणी डिझायनरच्या महागड्या लॅपटॉपवर न करता साध्या मोबाइलवर, भर उन्हात करावी.

फाँट विकत घेण्याआधी मराठीसाठी काय तपासावे?

प्रथम 'ल' आणि 'श'. मराठीत पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' रूढ आहेत, आणि राज्य शासनाच्या २००९ सालच्या वर्णमालाविषयक निर्णयातही हीच रूपे धरली आहेत. अनेक फाँट मूळ हिंदी वळणाचे असतात. मराठी रूपे त्यांच्या पोटात असतात, पण मजकुराची भाषा 'मराठी' अशी नेमून दिल्याशिवाय बाहेर येत नाहीत. त्यानंतर 'वऱ्हाड', 'सुऱ्या', 'तऱ्हा' हे शब्द टाइप करून पाहावेत. पत्रिकेत 'वऱ्हाड' हा शब्द 'वर्हाड' असा उमटला की घरातली वडीलधारी माणसे सर्वांत आधी तेच दाखवतात. 'ळ', 'ॲ', 'ऑ', 'ज्ञ' आणि 'द्ध', 'ह्म' यांसारखी जोडाक्षरेही पाहावीत.

मेनूकार्ड किंवा दागिन्यांचे किंमतपत्रक असेल तर रुपयाचे चिन्ह आहे का ते पाहावे. आयआयटी मुंबईत संशोधन करणाऱ्या डी. उदय कुमार यांनी घडवलेले हे चिन्ह १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले गेले, आणि त्याआधीच्या फाँटमध्ये ते नसते. मग संगणक दुसऱ्याच फाँटमधून ते उचलून आणतो, आणि नाजूक आकड्यांशेजारी जाडजूड '₹' उभे राहते.

छापखान्यात मजकूर श्रीलिपीत, म्हणजे जुन्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरमध्ये, आहे. तो नव्या फाँटमध्ये येईल का?

थेट येणार नाही. जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असत, त्यामुळे युनिकोड फाँट, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःची ठरलेली जागा असलेला फाँट, लावताच सगळा मजकूर अगम्य चिन्हांत बदलतो. आधी तो युनिकोडमध्ये बदलून घ्यावा आणि मग रफार, 'ऱ्य', पहिली वेलांटी यांवर खास नजर ठेवून मुळाशी ताडून वाचावा. नावे आणि आडनावे तर घरच्या माणसाकडूनच वाचून घ्यावीत. छपाईला देताना फाइल कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या आकृत्या करून, द्यावी. मात्र एकदा कर्व्ह झाली की स्पेलिंग सुधारता येत नाही, म्हणून मूळ फाइल वेगळी जपून ठेवावी.

परवान्याचे काय?

मुक्त परवान्याचे फाँट व्यावसायिक कामात वापरता येतात, फक्त तो फाँट स्वतंत्रपणे विकता येत नाही. विकतच्या फाँटमध्ये संगणकावरचा वापर, वेबसाइट आणि ॲप यांचे परवाने बहुधा वेगवेगळे असतात. पेन ड्राइव्हवरून आलेला फाँट कुणाचा आणि कोणत्या परवान्याचा आहे हे ठाऊक नसेल तर तो वापरू नये.

फक्त एकच नाव हवे असेल तर फाँट घ्यावाच का?

न घेतलेला बरा. नाटक-चित्रपटांची शीर्षके हाताने घडवणारे कमल शेडगे (१९३५–२०२०) यांचे काम मुंबईकरांनी वर्षानुवर्षे वर्तमानपत्रांच्या जाहिरातींत पाहिले आहे. त्यांच्या शीर्षकांत प्रत्येक शब्दाला त्याचे स्वतःचे वळण असे. पेढीचे किंवा दुकानाचे एकच नाव असेल तर अक्षरकाराकडून ते काढून घेणे अनेकदा अधिक शोभते, कारण 'र्क' किंवा 'ष्ट्र' यांसारख्या अडचणीच्या जोडाक्षरातली बारीक रेघ कोठे वळवायची हे त्या एका नावापुरते ठरवता येते.

अंतिम नमुना कसा पाहावा?

ज्या कागदावर काम होणार आहे त्याच कागदावर, त्याच शाईत किंवा फॉइलमध्ये, खऱ्या आकारात एक प्रत काढून घ्यावी. स्क्रीनवर चारशे टक्के मोठे करून पाहिलेले काहीही धरू नये. प्रत आधी भिंगाखाली पाहावी, आणि मग ती घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाच्या हातात, चष्म्यासकट, संध्याकाळच्या ट्यूबलाइटखाली द्यावी. त्यांनी मुहूर्ताची वेळ न अडखळता वाचली तर प्लेट बनवायला सांगावे.